मदत हवी आहे: मेसच्या बिलाचं पान करून राहिले, जावास्क्रिप्टची बेरीजच जमत नाही

डब्याचा_हिशेब:

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याला आमची घरगुती मेस आहे. डबे आई करते, हिशेब माझ्याकडे. महिना संपला की वही काढायची, प्रत्येकाचे खाडे मोजायचे, उरलेल्या दिवसांना दराने गुणायचं, जादा पोळी-भाजीचे पैसे आणि मागची बाकी त्यात धरायची, आगाऊ दिलेले वजा करायचे. दोन दिवस यातच जातात आणि तरी कोणी ना कोणी "काकू, माझे खाडे जास्त होते" म्हणत दारात उभा असतो. म्हणून आईच्या फोनवर उघडेल असं साधं पान करायला घेतलं. एचटीएमएल येतं, सीएसएस कामापुरतं येतं. जावास्क्रिप्ट व्हिडिओ पाहून शिकून राहिले.

कोड इथे चिकटवला की त्यातले टोकदार कंस गायब होतात, म्हणून शब्दांत सांगते. पानावर सहा रकाने आहेत: दिवस, खाडे, दर, जादा, बाकी, आगाऊ. खाली "बिल काढा" हे बटण. बटण दाबलं की गेट एलिमेंट बाय आयडीने प्रत्येक रकान्याची व्हॅल्यू घेते आणि सरळ सूत्र मांडते.

आता गंमत बघा. दिवस ३०, खाडे ४, दर ७०. जादा आणि बाकी हे दोन रकाने सूत्रातून काढले तर उत्तर १८२० येतं, म्हणजे बरोबर. जादा १२० आणि बाकी २५० धरली की २१९० यायला पाहिजे. येतात १८२०१२०२५०. एकशे ब्याऐंशी कोटी! एवढ्यात बर्डीवर दुकान घेऊन होईल. आगाऊ ५०० टाकले तर त्यातून ५०० बरोबर वजाही होतात. वजाबाकी जमते, गुणाकार जमतो, मग बेरजेनेच काय घोडं मारलं?

दुसरं म्हणजे, उत्तर क्षणभर दिसतं आणि सगळे रकाने रिकामे होतात. मी घाईघाईने स्क्रीनशॉट काढून ते वाचून राहिले.

आणि मावसभाऊ म्हणतो आधी जावाचा क्लास लाव, मग जावास्क्रिप्टला हात घाल. लावू का?

तर्री_पोहे:

जावाचा आणि जावास्क्रिप्टचा नावापुरता संबंध. क्लासचे पैसे वाचव ताई.

बेरजेसाठी प्रत्येक व्हॅल्यूला पार्सइंट (मजकुरातून पूर्णांक काढणारं फंक्शन) लाव. झालं काम.

शनिवारचा_कोड:

पार्सइंटने ताईंची बेरीज सुधारेल, पण हिशेब पुन्हा चुकेल. जरा सविस्तर सांगतो, कारण हे एकदा नीट कळलं की पुढचा बराच त्रास वाचतो.

इनपुटमधून व्हॅल्यू घेतली की ती नेहमी मजकूर म्हणून हाती येते, जावास्क्रिप्टच्या भाषेत स्ट्रिंग. इनपुटचा टाइप नंबर ठेवला तरी व्हॅल्यू स्ट्रिंगच असते. वजाबाकी आणि गुणाकाराला मजकुरावर काही करताच येत नाही, म्हणून तिथे भाषा आपणहून आकडा करून घेते. अधिक चिन्हाला मात्र दोन कामं आहेत: आकड्यांची बेरीज आणि मजकुराची जोडणी. दोन्हींपैकी एक बाजू जरी स्ट्रिंग असली तरी ते जोडणीचं काम करतं. तुमच्या सूत्रात (३० − ४) × ७० इथवर १८२० हा खरा आकडा होता. त्याला "१२०" हा मजकूर भेटला आणि तो शेजारी जाऊन चिकटला. मग २५० चिकटले. शेवटी वजाबाकी आली तेव्हा त्या लांबलचक मजकुराचा पुन्हा आकडा झाला, म्हणून ५०० नीट वजा झाले.

ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत या भाषेचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला होता. पानावर बारीकसारीक हालचाल करायला एक सुटसुटीत भाषा, एवढीच तेव्हाची अपेक्षा. चूक दाखवून थांबण्यापेक्षा कसंतरी निभावून न्यायचं, हा स्वभाव तिच्यात तेव्हापासून आहे. आज बदलायचा म्हटलं तर जगभरची जुनी पानं बंद पडतील, त्यामुळे तो तसाच राहणार.

आता पार्सइंट का नको? तुमच्याकडे अर्धा खाडा असेलच. सकाळचा डबा घेतला, रात्रीचा नको. खाडे ३.५ लिहिले तर पार्सइंट त्याचे ३ करेल. ७० च्या दराने माणसाला ३५ रुपयांचा फटका आणि तुम्हाला पत्ताही नाही. "बाकी" या रकान्यात कोणी स्वल्पविराम देऊन १,२०० लिहिलं तर पार्सइंट स्वल्पविरामाशी थांबतं आणि १ देतं! त्यापेक्षा नंबर हे फंक्शन वापरा. ते ३.५ ला ३.५ च ठेवतं आणि स्वल्पविराम दिसला की नॅन देतं, म्हणजे "हा आकडा नाही". निदान बोंब तरी मारतं.

फक्त रिकाम्या रकान्याचं नंबर ० करतं. जादा रिकामं असेल तर ते सोयीचंच आहे, पण दर रिकामा राहिला तर महिनाभराचं जेवण फुकट. दराचा रकाना रिकामा आहे का ते इफ लावून आधी तपासा आणि बिल काढायचं तिथेच थांबवा.

धंतोलीकर:

उत्तर गायब होतं त्याचं कारण: तुमचं बटण फॉर्म टॅगच्या आत असणार. फॉर्ममधल्या बटणाला टाइप दिला नाही तर तो सबमिट धरला जातो. बटण दाबलं की हिशेब होतो, उत्तर दिसतं आणि लगेच फॉर्म "पाठवला" जाऊन पान नव्याने उघडतं. पत्त्याच्या पट्टीत शेवटी प्रश्नचिन्ह आलेलं दिसेल बघा.

बटणाला टाइप बटण दिला तरी भागतं. मला विचाराल तर फॉर्मच्या सबमिट या इव्हेंटवर अ‍ॅड इव्हेंट लिसनर लावा आणि फंक्शनची पहिली ओळ प्रिव्हेंट डिफॉल्टची ठेवा, म्हणजे पान नव्याने उघडणं थांबतं. असं केलं की फोनच्या कीबोर्डवरचं एंटर दाबूनही बिल निघतं.

महालातला_मुन्ना:

एवढा खटाटोप काहून करता बापा? एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे.

डब्याचा_हिशेब:

मुन्नाभाऊ, एक्सेल करून पाहिलं. आईचं बोट चुकून सूत्राच्या खान्यावर पडतं आणि सूत्रच पुसलं जातं. तिला मोठे रकाने आणि एक मोठं बटण पाहिजे. शिवाय मला शिकायचंही आहे.

शनिवारदादा, नंबर लावलं आणि २१९० आले! धंतोलीकरांचं सबमिटचंही जमलं. प्रश्नचिन्ह खरंच होतं.

पण आईच्या फोनवर नवीनच सुरू झालं. माझ्याकडे बिल बरोबर, तिच्याकडे नॅन. तिचा कीबोर्ड मराठी आहे आणि ती मराठी अंक टाकते. इनपुटचा टाइप टेक्स्ट आहे. टाइप नंबर करून पाहिला तर नॅन गेलं, पण तिने टाकलेले अंक धरलेच जात नाहीत आणि बिल कमी येतं. तिला "इंग्रजी अंक टाक" सांगून पाहिलं. ती म्हणाली, तुझ्या पानाला मराठी शिकव.

शनिवारचा_कोड:

काकूंचं म्हणणं अगदी रास्त आहे. जावास्क्रिप्टचं नंबर फक्त इंग्रजी अंक ओळखतं. टाइप नंबर केल्यावर जे झालं ते जास्त वाईट: मराठी अंक आकडा म्हणून धरले जात नाहीत, व्हॅल्यू रिकामी येते, आणि रिकाम्याचं नंबर शून्य करतं. बाकी २५० ची गुपचूप ० झाली. टाइप टेक्स्टच राहू द्या, त्याला इनपुटमोड डेसिमल जोडा म्हणजे फोनवर अंकांचा कीबोर्ड येईल आणि अर्ध्या खाड्यासाठी दशांशचिन्हही मिळेल.

मग "आकडा करा" असं एक छोटं फंक्शन लिहा. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मराठी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि नवाचा २४१५, मधले सगळे ओळीने. म्हणजे चारकोडअ‍ॅटने कुठल्याही मराठी अंकाचा हा क्रमांक घेऊन त्यातून २४०६ वजा केले की त्याची किंमत मिळते. रिप्लेस वापरून मजकुरातला प्रत्येक मराठी अंक असा बदला, दुसऱ्या रिप्लेसने स्वल्पविराम काढून टाका, आणि शेवटी जे उरेल ते नंबरला देऊन रिटर्न करा. रिप्लेसच्या पॅटर्नला जी हा फ्लॅग विसरू नका. तो नसेल तर फक्त पहिला अंक बदलतो, पुढचे दोन मराठीच राहतात, आणि पुन्हा नॅन.

सहाही रकाने याच फंक्शनमधून काढा. सहा ठिकाणी तेच लिहिलं तर उद्या एक दुरुस्ती सहा ठिकाणी करावी लागेल.

उत्तरही मराठी अंकांत हवं असेल तर टू लोकेल स्ट्रिंगला एमआर-आयएन (भारतातली मराठी) द्या. अंक मराठी येतात आणि स्वल्पविराम लाख-कोटींच्या हिशेबाने पडतात. पण हे फक्त दाखवताना. त्यातून निघतं ती पुन्हा स्ट्रिंगच, तिच्यावर पुढे बेरीज करायला गेलात तर परत एकशे ब्याऐंशी कोटी.

डब्याचा_हिशेब:

जमलं! आई एकेक बिल वहीशी ताडून पाहून राहिली.

आता जोशात सगळी जावास्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये काढली आणि हेडमध्ये जोडली, तर बटण मेलं. एफ-बारा दाबून कन्सोल पाहिलं, लाल अक्षरांत "नल" असं काहीतरी आहे. आणि गिऱ्हाइकांची नावं-दर फोनमध्येच राहतील असं करता येईल का?

धंतोलीकर:

स्क्रिप्ट धावली तेव्हा खालचा फॉर्म पानावर आलेलाच नव्हता, म्हणून आयडी सापडला नाही आणि नल, म्हणजे "काहीच नाही", मिळालं. स्क्रिप्ट टॅगमध्ये डिफर लिहा, म्हणजे पान पूर्ण वाचून झाल्यावर ती धावेल.

नावांसाठी लोकलस्टोरेज, म्हणजे ब्राउझरचीच साठवण. तेही फक्त मजकूरच ठेवतं, म्हणून यादी ठेवताना तिचा मजकूर करायला जेसन डॉट स्ट्रिंगिफाय आणि काढताना पुन्हा यादी करायला जेसन डॉट पार्स. मात्र ते त्या एका फोनच्या त्या एका ब्राउझरपुरतं असतं, साइटचा डेटा पुसला की सगळं जातं. आणि नावं पानावर दाखवताना इनरएचटीएमएल नको, टेक्स्टकंटेंट वापरा; नाहीतर नावात कोणी टॅग लिहिला तर तो कोड म्हणून धरला जातो.

तर्री_पोहे:

वही तेवढी फेकू नका. आणि ताई, मेस शाकाहारीच आहे की रविवारी सावजीही मिळतं? मी सक्करदऱ्याला राहतो.

डब्याचा_हिशेब:

डिफरने बटण चालू झालं. लोकलस्टोरेजचं आज रात्री करून पाहते, अडलं तर याच धाग्यात विचारेन. तर्रीदादा, सावजी नाही, पण रविवारी पाटवडी रस्सा असतो. खाडे आधी कळवावे लागतात.