बेसनाचा तोफू आणि कालचा भात : रोजच्या सामानात होणारे आशियाई पदार्थ (अनुभव धागा)

पाटवडी :
आज डब्यासाठी बेसन घोटताना अचानक शान तोफू आठवला, म्हणून धागा काढते. म्यानमारच्या शान प्रांतातला हा तोफू सोयाबीनचा नसतो, हरभरा डाळीच्या किंवा पिवळ्या वाटाण्याच्या पिठाचा असतो.

१ वाटी बारीक बेसन, ३ वाट्या पाणी, पाऊण चमचा मीठ, पाव चमचा हळद. दीड वाटी पाण्यात बेसन, मीठ, हळद कालवून गाळून घ्या. उरलेलं दीड वाटी पाणी उकळलं की त्यात बारीक धार धरा आणि मंद आचेवर ८-१० मिनिटं तळापासून घोटत राहा. आधी ते पिठल्यासारखं फदफदतं, मग चकचकीत होऊन पळीवरून जाड पट्टीसारखं सुटतं. तेव्हा तेल लावलेल्या डब्यात ओता आणि २-३ तास हलवू नका. नीट शिजलेला तोफू कापताना थरथरतो, पण तुकडा पडत नाही. लवकर उतरवला तर कच्चा वास राहतो आणि कडा ढासळतात. लाडवाचं जाड बेसन घेऊ नका, खरखरीत होतो.

वरून चिंचेचा कोळ, सोया सॉस, भरड दाण्याचं कूट, भाजलेलं तिखट, कोथिंबीर आणि लसणाचं तेल. लसूण थंड तेलातच घालून मंद आचेवर ठेवायचा, फिकट सोनेरी झाला की लगेच उपसायचा, कारण बाहेर आल्यावरही रंग चढत राहतो.

गाडीवरचं चायनीज नको, त्या त्या देशात घरी जेवतात ते लिहा. प्रमाणासकट.

उकड :
हेच मिश्रण घट्ट व्हायच्या आत तांदळाच्या नूडल्सवर गरमगरम ओतून खातात, त्याला तोहू न्वे म्हणतात. तेव्हा पाणी वाटीभर जास्त. उरलेल्या घट्ट तोफूच्या चकत्या तळायच्या, पण कापडाने टिपून. ओल्या टाकल्या तर तेल अंगावर उडतं.

लोखंडी कढई :
अंडा फ्राईड राईस. लोक सॉसच्या बाटल्या जमवतात आणि चूक भातात असते. शिजलेला भात गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा कडक होतो, म्हणून दाणा सुटा राहतो. ताज्या भाताचा गोळा होतो. कोलम चालतो, बासमतीच पाहिजे असं नाही. शिजवताना नेहमीपेक्षा पाव वाटी पाणी कमी, मग ताटात पसरून वाफ घालवा आणि फ्रीजमध्ये ठेवा. वापरण्याआधी ओल्या हाताने गुठळ्या मोडून घ्या, कढईत मोडायला गेलात की दाणे चिरडतात.

दोघांसाठी: ३ वाट्या भात, २ अंडी, ३ कांद्याच्या पाती, २ चमचे तेल, १ चमचा सोया सॉस, पाव चमचा पांढरी मिरी. कढई कोरडी तापवून मग तेल. अंडं अर्धवट जमलं की भात घाला, म्हणजे ओलं अंडं दाण्यांना धरतं. मोठ्या आचेवर ३-४ मिनिटं. सोया सॉस भातावर ओतू नका, कढईच्या कडेने सोडा, तो चरचरला पाहिजे. पात गॅस बंद करताना.

घरच्या बर्नरवर चौघांचा एकदम करायला गेलात तर कढई थंड पडते आणि भात वाफेवर गिच्च होतो. दोनदा करा.

सुगरणीचं घरटं :
दादा, यात एक जोडा. कालचा भात म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेला नव्हे! बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, उबेत वाढून विष तयार करतात आणि ते विष परतल्याने जात नाही. तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये. एप्रिल-मे मध्ये तर तासाभरातच.

लोखंडी कढई :
बरोबर आहे ताई, ते लिहायलाच हवं होतं.

मेथीची_जुडी :
पांढरी मिरी कुठे मिळेल? काळी घातली तर?

उकड :
वाण्याकडे ‘सफेद मिरी’ मागा, अख्खीच घ्या, पूड लवकर मरते. काळीने बिघडत नाही, फक्त वास वेगळा.

तांबडा भोपळा :
चीनमध्ये घरोघरी होणारं टोमॅटो-अंडं. ३ पिकलेले टोमॅटो, ४ अंडी, १ चमचा साखर, मीठ, पात. अंडी जरा जास्त तेलात मोठ्या आचेवर, मोठे लुसलुशीत तुकडे होतील अशी ढवळा आणि थोडी ओली असतानाच काढून ठेवा. त्याच कढईत टोमॅटो, मीठ, साखर. रस सुटून दाट झाला की अंडी परत, अर्धा मिनिट, बंद. आंबट गावठी टोमॅटोंना साखर सोडू नका. कडक जाड सालीचे असतील तर सोलून घ्या, नाहीतर सालीच्या सुरळ्या दातात येतात. भाताबरोबर.

मु.पो. गुहागर :
नासी गोरेंग राहिला की! इंडोनेशियाचा फोडणीचा भात. चव केचप मानिसची, म्हणजे गोड सोया सॉस. अर्धी वाटी सोया सॉस, अर्धी वाटी किसलेला गूळ, एक चक्रीफूल, मंद आचेवर ८-१० मिनिटं. गार झाल्यावर आणखी दाटतो, म्हणून काकवीपेक्षा पातळ असतानाच उतरवा. तिकडे नारळाच्या नीऱ्याचा गूळ वापरतात, गोव्यातला माडाचा गूळ त्याच जातीचा. मिळाला तर तोच घ्या.

कांदा, लसूण, लाल मिरची वाटून तेल सुटेपर्यंत परता. तिथे तेरासी, म्हणजे आंबवलेल्या कोलंबीचा गोळा घालतात. भाजून कुटलेला सुका जवळा अर्धा चमचा घाला. आंबलेला नसतो, पण चवीत जवळ जातो. ३ वाट्या भाताला दीड चमचा केचप मानिस पुरे, जास्त घातला की गुळामुळे तळाला करपतो.

मेथीची_जुडी :
आमच्याकडे अंडं, जवळा काहीच नाही चालत 😟

पाटवडी :
अगं मग गाडो-गाडोची, म्हणजे इंडोनेशियात उकडलेल्या भाज्यांवर घालतात ती दाण्याची चटणी कर. १ वाटी तळलेले दाणे, २ लसूण पाकळ्या, २ लाल मिरच्या, लिंबाएवढा गूळ, १ चमचा चिंचेचा कोळ, मीठ, सगळं वाटून अर्धी वाटी पाण्यात तेल वर येईपर्यंत शिजव. उकडलेला बटाटा, फरसबी, कोबी, मोड आलेले मूग यांच्यावर. आणि मूग उकळत्या पाण्यात अर्धा मिनिटच ठेव, लिबलिबीत झाले की मजा गेली. वरची अंडी वगळ.

ढोकळा_पात्र :
वाफवलेलं अंडं, चिनी पद्धतीचं. फोडलेल्या अर्ध्या कवचानेच पाणी मोजा, एका अंड्याला ३ ते ४ कवचं. पाणी कोमट. मीठ घालून हलक्या हाताने फेटा, गाळा, वरचा फेस चमच्याने काढा. वाटीवर ताटली झाकून इडलीपात्रात मंद आचेवर १० मिनिटं. जाळी पडली तर आच मोठी होती. वर पाणी साठलं तर झाकणाचे थेंब पडले, ढोकळ्याला बांधतो तसा पंचा झाकणाला बांधा. वरून सोया सॉसचे चार थेंब.

आंबट_वरण :
पान कोबीची किमची, म्हणजे आंबवलेला तिखट कोबी, कोरियात यांगबेचू किमची. १ किलो कोबीला २५ ग्रॅम मीठ, वजन करूनच, कारण खडे मीठ आणि बारीक मीठ चमच्यात सारखं बसत नाही. २ तास चोळून ठेवा, धुवू नका. १ चमचा तांदळाचं पीठ अर्धी वाटी पाण्यात शिजवून गार करा. त्यात ३ मोठे चमचे ब्याडगीची पूड, १० पाकळ्या लसूण, इंचभर आलं. सगळं कालवून बरणीत दाबून भरा, कोबी स्वतःच्या पाण्याखाली राहिला पाहिजे. आपल्या हवेत १-२ दिवसांत बुडबुडे येतात, मग फ्रीज. बरणी काठोकाठ नको, उतू जाते.

मु.पो. गुहागर :
वर आलेल्या तुकड्यांवर केसाळ बुरशी धरली तर?

आंबट_वरण :
सगळी बरणी टाकून द्या. वरचं काढून खालचं खाऊ नका.

सुगरणीचं घरटं :
आजारी माणसासाठी जपानी ओकायु: १ वाटी तांदूळ, ५ वाट्या पाणी, अर्धा तास भिजवून, मंद आचेवर ४० मिनिटं, न ढवळता. ढवळलं की खळ होते. मीठ शेवटी. आपली पेजच. ७ जानेवारीला तिकडे यात सात पालेभाज्या घालून खातात.

मेथीची_जुडी :
तोफू लावला, अडीच तास झाले, कडा धरल्यात पण मधे अजून हलतंय. परत शिजवू?

पाटवडी :
नको नको. डबा खोल आहे का? थर दोन बोटांपेक्षा जाड असेल तर मधलं उशिरा गार होतं. झाकण काढून तासभर फ्रीजमध्ये ठेव आणि मग काप.