'अंडर द वेदर' : कणकण की आजारपण?

प्रश्न : मे महिन्यात ऊन लागून माणूस आडवा झाला, तर 'ही इज अंडर द वेदर' म्हणता येईल का? हवेमुळेच तर पडला ना बिचारा!

उत्तर : नाही भाऊ. या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ 'तब्येत जरा बरी नसणं'. त्यातल्या 'वेदर'चा आपल्या नागपुरी उन्हाशी काही संबंध नाही. दुखण्याचं कारण कोणतंही चालतं, दुखणं मात्र किरकोळ पाहिजे : सर्दी, कणकण, अंग मोडून येणं, जागरणानं डोकं जड होणं. ऊन लागून ताप १०४ वर गेला आणि माणूस बरळायला लागला, तर तो 'हीटस्ट्रोक'. त्याला ताबडतोब मेयो नाहीतर मेडिकल हॉस्पिटलला न्यायचं, वाक्प्रचार शोधत बसायचं नाही. हार्ट अटॅक, मोडलेला हात, डायबिटीस यांनाही हा शब्द लावत नाहीत.

मराठीत सगळ्यात जवळचं म्हणजे 'तब्येत जरा नरम आहे', किंवा आपल्याकडचं 'बरं नाही वाटून राह्यलं'. 'आजारी आहे' म्हटलं की वजन वाढतं.

दुसरं उत्तर : रचनाही सांभाळा. 'बी', 'फील', 'लुक' यांच्यानंतरच तो शोभतो : 'आय ॲम फीलिंग अ बिट अंडर द वेदर'. नामाच्या आधी, म्हणजे 'अंडर द वेदर स्टुडंट' वगैरे, कानाला खटकतं. मधला 'द' गाळला की वाक्प्रचारच मोडतो. आणि 'अ बिट' लावा, 'व्हेरी' नको. किरकोळ दुखण्याला 'फारच' कशाला?

आदल्या रात्री जास्त झाली असेल तर ते झाकायलाही हा शब्द वापरतात, त्यामुळे सोमवारी सकाळी साहेबांना पाठवताना जपून.

प्रश्न : मग रजेच्या अर्जात?

उत्तर : टीम लीडला मेसेज टाकायचा तर चालेल. पण कॉलेजचा किंवा सरकारी ऑफिसचा अर्ज असेल, सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायचं असेल, तर सरळ 'अनवेल' किंवा 'फीव्हर' लिहा. ब्रिटिश माणसाशी बोलताना 'आय वॉज सिक' म्हणाल तर त्याला 'उलटी झाली' असं वाटू शकतं. तिथे 'इल' बरा.

आणखी एक, हा शब्द आला कुठून? जहाजाच्या वाऱ्याकडच्या बाजूला 'वेदर साइड' म्हणतात, हे खरं. आजारी खलाशाला डेकखाली पाठवत, त्यावरून शब्द आला, ही गोष्ट मात्र नुसती सांगोवांगी. पुरावा कोणी देत नाही, म्हणून व्युत्पत्ती म्हणून शिकवू नका. असाच वाटणारा 'आउट ऑफ सॉर्ट्स' मात्र वेगळा : त्यात चिडचिड आणि बिघडलेला मूडही येतो, ताप नसला तरी.