चार किलो वजन उतरवण्याला खरोखर काही अर्थ आहे का?

मांजराकाठ (लातूर)

दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझे वजन 78 किलो भरले होते आणि गुढीपाडव्याच्या सकाळी ते 74 भरले. वय 49, उंची 168 सेंटीमीटर आणि नोकरी दिवसभर खुर्चीत बसून करण्याची. हे ऐकून एका सहकाऱ्याने 'एवढ्यासाठी पाच महिने घालवले का?' असे विचारले, तेव्हा त्याच प्रश्नावर येथे मते मागवावीत असे वाटले. माझे मत आधीच सांगून टाकतो. मध्यमवयीन माणसाने चार-पाच किलोंचेच उद्दिष्ट ठेवावे, कारण तेवढ्यासाठी जे बदल करावे लागतात ते घरात मुरतात, आणि वीस किलोंसाठी जे करावे लागते ते पहिला सण आला की मोडते.

केले ते फार नाही. पूर्वी दिवसाला पाच चहा होत आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असे. म्हणजे नुसत्या चहातून 50 ग्रॅम साखर पोटात जात होती, तर जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची सगळी वरची साखर मिळून 25 ग्रॅमच्या आत ठेवणे अधिक हिताचे मानते. आता दोन चहा आणि प्रत्येकात एक चमचा. चहा बेताचा गोड दिला तर आमच्याकडे यजमानाच्या दानतीवर बोट ठेवतात, त्यामुळे सर्वांत अवघड बदल हाच ठरला, व्यायाम नव्हे. चौघांच्या घरात महिन्याला चार किलो तेल लागत होते, ते तीन किलोंवर आणले. रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आणि वरण. पहाटे जिल्हा क्रीडा संकुलात चार किलोमीटर चालणे.

दुधनातीर (जालना)

आपले अभिनंदन, परंतु आपल्याच आकड्यांची बेरीज आपण केलेली दिसत नाही. चहातून सुमारे 160 कॅलरी, तेलातून पंचाहत्तर आणि चालण्यातून दीडशे धरल्या, तर रोजची तूट 385 च्या आसपास येते. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात असे मानले, तर दीडशे दिवसांत सात किलोंहून अधिक वजन उतरायला हवे होते. उतरले चार. उरलेले तीन किलो कुठे गेले, याचा विचार केल्याशिवाय 'बदल घरात मुरले' असे म्हणणे घाईचे आहे.

दुसरे असे की, चार किलोंतील निव्वळ चरबी किती, हे काटा सांगत नाही. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. खाणे आवरले की आधी हा साठा घटतो आणि पहिल्या पंधरवड्यात काटा भराभर खाली येतो. मीठ जास्त पडलेल्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी तोच काटा किलोभर वर जातो. शिवाय पन्नाशीच्या उंबरठ्यावर ताकदीचा व्यायाम न करता नुसते चालून आणि कमी खाऊन वजन उतरवले, तर त्यातला लक्षणीय भाग स्नायूंचा असू शकतो. आपण जोर-बैठकांचा उल्लेख कुठेच केलेला नाही.

आणि शेवटी, 168 सेंटीमीटर उंचीला 74 किलो म्हणजे शरीर-वस्तुमान निर्देशांक (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय) 26.2 येतो. भारतीयांसाठी 23 च्या पुढे अतिवजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. म्हणजे आपण रेषेच्या ज्या बाजूला होतात त्याच बाजूला आहात. अशा वेळी समाधान मानणे मला धोक्याचे वाटते.

मांजराकाठ

हिशोब मान्य, निष्कर्ष अमान्य. वजन उतरत गेले की हलक्या झालेल्या शरीराला तेवढेच अंतर चालायला कमी ऊर्जा लागते आणि भूकही वाढते, त्यामुळे कागदावरची तूट कधीच पूर्णपणे काट्यावर उतरत नाही. त्यात मध्ये लग्नसराई होती, आणि वेळ अमावस्येला शेतात बसून भज्जी, उंडे आणि आंबील यांना नाही म्हणणारा माणूस लातूर जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. तीन किलो तिथे गेले असे समजा.

अर्थ आहे की नाही, याविषयी मात्र पुरावा माझ्या बाजूचा आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या सीमेवरच्या 3,234 लोकांवर झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उद्दिष्ट होते वजन सात टक्क्यांनी उतरवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे हालचालीचे. हे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दिलेल्या गटात ते 31 टक्क्यांनी घटले. मी पाच टक्के उतरवले आहेत. तेव्हा रेषेच्या कोणत्या बाजूला आहे यापेक्षा कोणत्या दिशेने चाललो आहे, हे मी अधिक महत्त्वाचे मानतो.

गोदाकाठची (नांदेड)

दादा, आपल्या यादीत 'रात्री पोळीऐवजी भाकरी' हे तीन शब्दांत उरकले आहे, आणि माझा आक्षेप नेमका त्या तीन शब्दांना आहे.

पोळ्या सकाळी एकदा केल्या की डब्यालाही होतात आणि रात्रीपर्यंत मऊ राहतात. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे ते उकळत्या पाण्यात मळावे लागते, एकेक भाकरी परातीत थापावी लागते, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवावे लागते, मग निखाऱ्यावर किंवा गॅसवर फुगवावी लागते. आणि इतके करून ती गार झाली की वातड होते, म्हणून जेवणारा पानावर बसल्यावरच करावी लागते. म्हणजे एकाने पथ्य पाळायचे आणि दुसरीने एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला असताना चुलीसमोर उभे राहून ते रांधायचे. आपण पहाटे चालायला जाता तेव्हा घरात पाणी भरणे आणि डबे कोण उरकते, हेही आपण लिहिलेले नाही. माझे वजन का उतरत नाही, असे मला डॉक्टरांनी विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होते: सगळ्यांचे झाल्यावर जेवायचे, आणि पातेल्यात उरलेले वाया जाऊ नये म्हणून तेही संपवायचे.

त्यातून भाकरीने वजन उतरते हा समजही तपासून पाहावा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात आणि शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात कॅलरी जवळजवळ सारख्याच, साडेतीनशेच्या आसपास असतात. फरक पडला असेल तर तो पोळीला लावलेल्या तेलामुळे आणि दोन भाकऱ्यांत पोट भरल्यामुळे. ज्वारीचे इतर गुण मला मान्य आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 2018 साली आणलेल्या 'परभणी शक्ती' या वाणात तर लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेले आहे. पण लोह वेगळे आणि वजन वेगळे.

बालाघाटी (बीड)

आपण सर्वजण चमचे मोजत बसला आहात. ज्यांनी लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले, त्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा सल्ला घरचाच असताना एवढा हिशोब कशाला हवा? कडक भूक लागेल अशा दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचे, मधल्या वेळेत साखरेचा चहासुद्धा नाही, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवर उभा असलेला हा नियम मी 2019 साली पाळला आणि अकरा किलो उतरवले. नियम एकच असला की मन पळवाटा शोधत नाही. 'एक चमचा चालेल' म्हणणारा माणूस दीड चमच्यावर कधी जातो, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

दुधनातीर

त्या अकरांपैकी आज किती उरले आहेत?

बालाघाटी

पाच. सहा परत आले, हे लपवण्यात अर्थ नाही. पाहुणे दुपारी चार वाजता येतात आणि चहा नको म्हटले की रुसतात, तिथून गाडी घसरली. तरीही पाच हे चारपेक्षा जास्तच आहेत, हे मांजराकाठ यांनी लक्षात घ्यावे! एक मात्र गंभीरपणे सांगतो: ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा तोडू नयेत. माझ्या चुलत्यांची साखर एका दुपारी इतकी उतरली की त्यांना घाम फुटून भोवळ आली.

पूर्णेचा (हिंगोली)

माझे वडील आयुष्यभर शेतात राबले. वजन 58 किलो, पोट मात्र थोडे सुटलेले. गेल्या वर्षी तपासणीत मधुमेह निघाला. त्यांनी कोणते चार किलो उतरवायचे, ते कोणी सांगावे.

दुधनातीर

हा प्रश्न या सगळ्या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले स्वतःचे आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र छापले होते. दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक 22.3 होता, परंतु त्या सहकाऱ्याच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त अशी आपली घडण असल्यामुळे काट्यावरचा आकडा आपल्याला सहज फसवतो.

म्हणूनच मांजराकाठ यांनी अमेरिकेचा दाखला दिला, तेव्हा भारतातला दाखलाही द्यायला हवा होता. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने 531 जणांवर केलेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार आणि व्यायाम बदललेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटले, आणि ते वजनात म्हणण्यासारखी घट झालेली नसतानाही. माझे म्हणणे आता थोडे बदलून मांडतो. मांजराकाठ यांनी केलेले बदल योग्य आहेत, त्यांनी मोजण्यासाठी निवडलेली वस्तू चुकीची आहे. पुरुषांसाठी कमरेचा घेर 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांसाठी 80 सेंटीमीटरच्या आत असावा, असे आपल्याकडे मानतात. शिंप्याचा टेप काट्यापेक्षा स्वस्त मिळतो.

मांजराकाठ

टेप आज लावला. 94 भरला. दिवाळीत घेतलेले माप नाही, परंतु कंबरपट्टा एक भोक आत आला आहे, यावरून घेर उतरला असावा. 'पूर्णेचा' यांना मी डॉक्टर नसल्याने एवढेच सांगू शकतो की, वडिलांच्या बाबतीत वजनाचा आग्रह धरू नये. घेर, साखर आणि अंगातली ताकद याविषयी त्यांच्या डॉक्टरांशी बोलावे.

जोर-बैठकांचा आक्षेप मला लागला. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, आणि मी चालण्याच्या समाधानात ते विसरलो होतो. सोमवारपासून बैठका सुरू करतो. किती हे मात्र विचारू नका.

चार किलोंचे उद्दिष्ट मी तरीही मागे घेत नाही. घेर हा शब्द योग्य असेल, परंतु आमच्या गल्लीत 'किती उतरले?' असेच विचारतात, आणि त्या विचारण्याच्या लाजेनेच मी माघ महिन्यात दहा-बारा दिवस मोडलेले चालणे पुन्हा सुरू केले. बालाघाटींच्या नियमात मोडणे आणि पाळणे एवढेच दोन रंग आहेत. माझ्यात मोडल्यावर परत येण्याची वाट मोकळी आहे.

ताई, आपल्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे युक्तिवाद नाही. हे घरी वाचून दाखवले, तर आतून 'बरोबर लिहिलंय' एवढेच उत्तर आले. आठवड्यातून तीन दिवस रात्रीच्या भाकरी मी करतो, असे कबूल करून बसलो आहे. काल पहिल्या दिवशी चारपैकी तीन परातीतून उचलतानाच तुटल्या.

गोदाकाठची

पाणी कोमट घेतले असणार. खळखळून उकळलेलेच हवे. आणि पीठ दळून किती दिवस झाले ते आधी पाहावे, कारण जुन्या पिठाची विरी (चिकटून राहण्याचा गुण) जाते आणि मग माझ्या सासूबाईंच्या हातूनही भाकरी थापली जात नाही. आठवड्यापुरतेच दळून आणावे, गिरणीपर्यंत चालतच जावे.