‘लार्क राइज’ इतिहास म्हणून वाचावं का?

जुनंपान
इंग्रज लेखिका फ्लोरा थॉम्प्सनची बालपणाच्या आठवणींवरची तीन पुस्तकं (1939, 1941, 1943) 1945 मध्ये ‘लार्क राइज टू कँडलफोर्ड’ या नावाने एकत्र आली. त्यातलं लार्क राइज म्हणजे तिचं इंग्लंडच्या ऑक्सफर्डशर परगण्यातलं गाव, जुनिपर हिल. 1880च्या दशकात शेतमजुराचं घर कसं चालायचं, याचा इतका भरवशाचा साक्षीदार मला तरी दुसरा माहीत नाही. स्वयंपाकच बघा. विस्तवावर एकच मोठं भांडं. त्यात खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा, एका जाळीत कोबी, दुसरीत बटाटे आणि फडक्यात बांधलेला पिठाचा उंडा. जो जिन्नस जितका वेळ घेणार तितका आधी आत. संध्याकाळी गडी घरी येईस्तोवर सगळं एकदम तयार. मांस चवीपुरतंच वाट्याला यायचं. हे असं मनाने रचता येत नाही.

तिरकस
सपशेल असहमत. ‘मी’ लिहायचं सोडून नायिका लॉरा, लेखिकेची साठी उलटलेली. आठवड्याला 10 शिलिंग मजुरी, घरात पोरांचं लेंढार, आणि वर निर्वाळा काय, तर लोक गरीब होते पण आजच्यापेक्षा सुखी होते! हे स्मरणरंजन झालं, साक्ष नव्हे.

ओसरीवरून
निर्वाळा सोडा हो, व्यवहार वाचा. डुक्कर लठ्ठ करायला लागणारा खुराक मजुरीत भागत नसे. मग पाववाला किंवा गिरणीवाला तो उधारीवर देई आणि कापल्यावर मांसात वसूल करी, बहुतेकदा निम्मं. म्हणून बायका सरळ म्हणत, देवाच्या कृपेने शुक्रवारी आम्ही अर्धं डुक्कर मारणार! मारायचंही चंद्र वाढता असताना. उतरत्या चंद्राचं मांस शिजताना आटतं, अशी समजूत. सुगीनंतर बायकापोरं वाकून वाकून सरवा, म्हणजे शेतात पडून राहिलेली कणसं, वेचत. गिरणीवाला दळणाचे पैसे न घेता पीठच कापून घेई. उरलेलं पोतं घरात खुर्चीवर मांडून ठेवत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. कर्ज आणि मिरवणं, दोन्ही तिने लिहिलंय. यात गोडवा कुठे दिसला तुम्हाला?

तिरकस
पेन्शनच्या प्रसंगात दिसला. म्हातारे पोस्टात येतात, डोळ्यांत पाणी, पैसे मोजून देणाऱ्या मुलीला बागेतली फुलं आणि सफरचंदं. सत्तरीनंतर आठवड्याला 5 शिलिंग सरकारी पेन्शन सुरू झालं 1 जानेवारी 1909 ला. फ्लोरा चौदाव्या वर्षी पोस्टात लागली, म्हणजे 1891च्या आसपास. 1903 मध्ये लग्न, मग संसार बोर्नमथला. तिच्या जुन्या गावाकडचं हे दृश्य तिने पाहिलं कधी? ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखत घडल्यासारखी रंगवलीय, आणि आपण तिला साक्षीदार म्हणतोय.

जुनंपान
तो परिच्छेद ऐकीव धरा, माझी ना नाही. त्याने डुकराची उधारी खोटी कशी ठरते, ते सांगा.