हापूसच्या कलमाला अर्ध्यात मोहोर, अर्ध्यात पालवी. पाणी देऊ की थांबू?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कळंब्याकडे घर आहे, परसात हापूसचं एकच कलम, आठ वर्षांचं. यंदा थंडी अशी पडलीच नाही. स्वेटर दोन-चार सकाळी घातला तेवढाच, जानेवारीतही पहाटे मोबाईल 17-18 अंश दाखवायचा. कोकीळ तर संक्रांतीपासूनच ओरडतोय.

रथसप्तमीनंतर बघतो तर परसाकडच्या फांद्या मोहोरानं भरलेल्या आणि रस्त्याकडच्या बाजूला नुसती पालवी. तांबूस, लोंबती, रेशमासारखी मऊ. दिसायला एक नंबर, पण आंबा काय पानाला लागणार हाय व्हय?

आता मेख अशी. ती रस्त्याकडची बाजू विजेच्या तारांना लागते म्हणून दिवाळीत छाटली होती. आंब्याला मोहोर फुटायला रात्री 15 अंशांच्या आसपास गारवा लागतो, तो मिळाला नाही म्हणून पालवी आली, की छाटणीनंतर फुटलेल्या काड्या अजून कोवळ्याच आहेत म्हणून? मला दुसरं जास्त पटतं. थंडी कमी पडली ती दोन्ही बाजूंना सारखीच की.

खरा घोळ पाण्याचा. आबा म्हणतात, मोहोरात पाणी दिलंस तर गळून जाईल, वाटाण्याएवढी फळं धरली की मग दे. पण मोहोराच्या बाजूला मोहरीएवढी फळं दिसायला लागलीत आणि दुपारचं ऊन आत्ताच चटके देतंय. किती दिवस थांबू? रोपवाटिकेतला एकजण म्हणाला, कल्टार ओता, म्हणजे मोहोर आणायचं औषध. अहो, कोकणात ते पावसाळ्यात देतात, आता माघात देऊन काय उपयोग? ते मी ऐकलं नाही.

आणखी एक. झाडाखाली लावलेल्या स्कूटरची सीट रोज सकाळी चिकट होते. फांदी हलवली की बारीक किडे तिरके उड्या मारत उडतात, म्हणजे तुडतुडेच ना? निंबोळी तेल मारायचं मनात आहे, पण फुलं उमललेली आहेत, माश्या-मधमाश्या दिवसभर घोंगावतात. संध्याकाळी मारलं तर चालेल का? मोहोरावरची पांढरी बुरशी, भुरी, अजून दिसलेली नाही.

जाता जाता, मोगरा छाटायचा राहिला आणि त्याला कळ्या आल्या. आता कात्री लावू की राहू दे?

झाडाचे दोन्ही बाजूंचे फोटो संध्याकाळी टाकतो.