दाढीच्या साबणाची वडी दीड महिन्यात का संपते?

मांजराकाठ (लातूर)

सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षापासून मी ट्यूबमधले क्रीम सोडून वडिलांच्या पद्धतीने, म्हणजे ब्रश, साबणाची गोल वडी आणि सेफ्टी रेझर घेऊन दाढी करतो. प्लास्टिकच्या ट्यूबा कचऱ्यात जाणे थांबावे आणि कागदात गुंडाळलेली एक वडी पुष्कळ दिवस पुरावी, असे दोन हेतू त्यामागे होते. पहिला साध्य झाला, दुसरा मात्र झालेला नाही. मी एक दिवसाआड दाढी करतो आणि ६० ग्रॅमची वडी दीड महिन्यात संपते, म्हणजे एका दाढीला सुमारे अडीच ग्रॅम साबण खर्च होतो. वडिलांची वडी मात्र, मला आठवते त्याप्रमाणे, तीन-चार महिने सहज चालत असे.

माझी पद्धत अशी आहे: पितळी वाटीत वडी ठेवून तिच्यावर गरम पाणी ओततो, पाच मिनिटांनी ते पाणी फेकून देतो आणि भिजलेला ब्रश वडीवर मिनिटभर फिरवतो. वडीखाली नेहमी गिळगिळीत थर साचतो आणि तो शेवटी मोरीत जातो. फेस सुरुवातीला भरपूर दिसतो, पण दुसरा गाल होईपर्यंत बसून जातो, त्यामुळे पुन्हा साबण घ्यावा लागतो. घरात वापरायचे पाणी बोअरचे आहे. ज्या गावात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे राहणाऱ्या माणसाला तांब्याभर पाणी आणि त्यासोबत साबण मोरीत जाताना पाहवत नाही. माझे नेमके काय चुकते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दुष्फेन (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार सर. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आपल्या वर्णनात दोन वेगवेगळ्या गळती आहेत. त्यांपैकी पाण्याची गळती मी सांगतो, वडीच्या ठेवणीबद्दल इतर जण माझ्यापेक्षा चांगले सांगू शकतील.

आपल्याकडचा खडक बेसाल्टचा आहे आणि त्याच्या भेगांतून झिरपत खोल गेलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. शाळेच्या पुस्तकात ज्याला आपण दुष्फेन पाणी म्हणतो, ते हेच. साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. कॅल्शियम भेटताच त्यातले मेदाम्ल त्याला चिकटते आणि पाण्यात न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. पाण्यातला सगळा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असा बांधला जाईपर्यंत टिकाऊ फेस येत नाही. वाटीच्या काठावर आणि रेझरवर जो चिवट पांढरट थर बसतो, तो फेस होण्याआधीच वाया गेलेला आपला साबण आहे.

याचा हिशेब मांडता येतो. पाण्याचा दुष्फेनपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात मोजतात आणि त्यातला एक ग्रॅम सुमारे सहा ग्रॅम साबण खातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दर लिटरला २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपले बोअर ५०० चे आहे असे धरू. वडीवर ओतलेले, ब्रशमध्ये भरलेले आणि गालावर घेतलेले पाणी मिळून १०० मिलिलिटर साबणात मिसळले, तर त्यात ५० मिलिग्रॅम क्षार असतील आणि ते ३०० मिलिग्रॅम साबण निकामी करतील. सरासरी दाढीला ग्रॅम-सव्वा ग्रॅम साबण पुरेसा असतो, हे ध्यानात घेतले तर हा पाव हिस्सा नुसत्या पाण्याने गिळला. मात्र तेच पाणी ३० मिलिलिटरवर आणले तर तोटा ९० मिलिग्रॅमवर येतो. म्हणून पाणी बदलता आले नाही तरी ते कमी केल्याने फरक पडतोच.

बदलायचे असेल, तर घरातल्या आरओ यंत्राचे वाटीभर शुद्ध पाणी फक्त ब्रश आणि फेसासाठी घ्यावे; तोंड व रेझर धुवायला बोअरचेच चालेल, कारण त्या वेळी साबणाचे काम झालेले असते. आरओच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारे पाणी घेऊ नका, त्यात क्षार अधिक तीव्र झालेले असतात. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरी जाऊ देऊन पन्हाळीखाली धरलेले पाणी सर्वांत उत्तम. उकळून निवळलेले पाणीही काही प्रमाणात सुफेन होते, परंतु उकळण्याने बायकार्बोनेटचाच भाग खाली बसतो. सल्फेट आणि क्लोराईड तसेच राहतात. चार आण्यांचा साबण वाचवण्यासाठी गॅस जाळावा, असे मला वाटत नाही.

वाटी आणि वस्तरा (अंबाजोगाई)

नमस्कार गुरुजी. आमचे दुकान वडिलोपार्जित आहे आणि मी स्वतः तीस वर्षांपासून नाभिकाचा व्यवसाय करतो. सरांनी पाण्याचे शास्त्र सांगितले, मी हाताचे सांगतो.

वडी भिजवू नका, दाढी भिजवा. केस मऊ होतात ते पाण्याने, साबणाने नव्हे. साबणाचे काम ते पाणी केसांवर धरून ठेवण्याचे आणि पात्याला घसरण देण्याचे आहे. आंघोळीनंतर लगेच दाढी केली, किंवा कोमट पाण्याचा हात दोन-तीन मिनिटे गालावर ठेवला, तर साबण निम्माच लागतो. ज्यांना वडीवर पाणी ओतायची सवय सुटत नाही, त्यांनी चमचाभरच ओतावे आणि ते फेकू नये, गालावर चोळावे, कारण त्या पाण्यात वडीच उतरलेली असते. आपण दर वेळी ते मोरीत ओतता, हे वाचून मला खरोखर हळहळ वाटली.

ब्रश कोणत्या केसांचा आहे, हे आपण लिहिले नाही. डुकराच्या राठ केसांचा असेल तर तो पाणी पितो. त्याला आधी भिजू द्यावे लागते, पण नंतर दोन-तीनदा जोराने झटकून मगच वडीवर लावावा. नायलॉनसारख्या कृत्रिम केसांचा असेल तर भिजवायची गरजच नाही, नुसता बुडवून झटकला की झाले. शिवाय तो साबण पोटात धरून ठेवत नाही, घेतलेला बहुतेक फेस गालावर परत देतो. काटकसर हाच हेतू असेल तर मी कृत्रिम ब्रश घ्या असेच सांगेन. ओथंबलेला ब्रश वडीवर फिरवला की मोठ्या बुडबुड्यांचा फेस लगेच दिसतो आणि माणूस फसतो. तो फेस हवेचा असतो, म्हणूनच दुसरा गाल होईपर्यंत बसतो. ओलसर ब्रशने पंधरा-वीस फेरे मारावेत, केसांच्या टोकांवर लोण्यासारखा घट्ट लेप दिसला की थांबावे, आणि मग थेंब-थेंब पाणी देत फेस गालावरच उभा करावा. वाटीत फेस उभा केला तर त्यातला बराच वाटीलाच लागून राहतो.

दुसऱ्यांदा साबण घ्यायचा नाही. सुलट्या हातानंतर ब्रशची मूठ बोटांत दाबून खालून वर पिळली, तर उलट्या हाताला पुरेल इतका फेस आतून निघतो. इथेच नवशिक्यांची अर्धी वडी जाते.

दुकानात एकच वडी सर्व गिऱ्हाइकांना फिरवणे आरोग्याला बरे नाही, म्हणून मी वडी किसून ठेवतो आणि प्रत्येकाला स्वच्छ वाटीत चिमूटभर कीस घेतो. सांगायचे कारण एवढेच की, ती चिमूट पाहिली की साबण किती कमी लागतो ते डोळ्यांना समजते. आपणही आठवडाभर असे करून पाहा.

रिठा (नांदेड)

दादा, मी घरगुती साबण तयार करते आणि सासऱ्यांसाठी दाढीचा साबणही मीच करते, म्हणून खालच्या गिळगिळीत थराबद्दल लिहिते. दाढीच्या साबणात कॉस्टिक सोड्याबरोबर पोटॅशही वापरतात. पोटॅशमुळे साबण मऊ होतो आणि पाण्यात पटकन उतरतो, म्हणूनच त्याचा फेस लवकर येतो. पण त्याच गुणामुळे तो पाण्यात बसला की अंगाच्या साबणापेक्षा लवकर गळतो. त्यातले ग्लिसरीन पावसाळ्यात हवेतली ओलही ओढून घेते. म्हणजे तुमची वडी दाढीच्या पाच मिनिटांत जेवढी झिजते, त्याहून अधिक उरलेल्या वेळात खालून झिजत असावी.

यावर उपाय असा की, वडी वाटीत सुटी ठेवूच नये. नवीन वडी किसणीवर किसून घ्या, कीस सपाट बुडाच्या लहान वाटीत घाला, अर्धा चमचा पाणी शिंपडा आणि चमच्याच्या पाठीने दाबत घट्ट बसवा. दोन दिवस उघड्यावर ठेवले की तो वाटीशी एकजीव होतो. आता फक्त वरची बाजू ओली होते, खाली पाणी शिरायला जागाच नसते. पुढच्या वडीचे उरलेले तुकडेही याच वाटीत दाबून टाकता येतात. अंगाच्या साबणाचे तुकडे मात्र त्यात घालण्याचा मोह टाळा, त्यांचा फेस विरळ असतो आणि ते दाढीचा साबणही बिघडवतात. गॅसवर थेट वितळवू नका, करपतो. वाटी म्हणाल तर पितळेपेक्षा स्टीलची घ्या, पितळेवर साबणाने हिरवट डाग पडतात.

दाढी झाल्यावर वाटीवर उरलेला फेस बोटाने पुसून गालावरच लावावा, वाटी कलती ठेवून निथळू द्यावी, आणि कोरडी होण्याआधी झाकण लावू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती तासा-दोन तासांत खडखडीत होते. श्रावणात न्हाणीघराबाहेर खिडकीत ठेवा.

मांजराकाठ (लातूर)

तिघांचेही मनापासून आभार. लगेच उत्तर न देता मी आधी करून पाहायचे ठरवले होते, म्हणून आज तीन आठवड्यांनी लिहीत आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे नवी वडी किसून स्टीलच्या वाटीत बसवली, आरओचे फुलपात्रभर पाणी वेगळे काढले आणि सोनाराकडच्या काट्यावर वाटी आधी व नंतर, दोन्ही वेळा पूर्ण कोरडी करून तोलली. बारा दाढ्यांत १३ ग्रॅम साबण गेला, म्हणजे एका दाढीला एक ग्रॅमहून किंचित अधिक. पूर्वीच्या अडीच ग्रॅमच्या मानाने हा निम्म्याहून कमी आहे. ब्रश जुना, डुकराच्या केसांचाच आहे. तो झटकून वापरायला लागल्यापासून फेस शेवटपर्यंत टिकतो. पिळून उलटा हात करणे मला पहिल्या चार-पाच वेळा जमले नाही, आता जमते.

एक अडचण मात्र राहिली आहे. दोन वेळा आरओचे पाणी असूनही फेस मध्येच फाटल्यासारखा झाला, दही फुटावे तसा. त्या दोन्ही दिवशी काय वेगळे घडले, हे माझ्या लक्षात येत नाही.

दुष्फेन (छत्रपती संभाजीनगर)

सर, आपण दाढीनंतर तुरटी फिरवता काय? तुरटीतला ॲल्युमिनियम साबणाला कॅल्शियमसारखाच बांधतो, शिवाय तिचे पाणी आम्लधर्मी असते, त्यामुळे फेस चटकन फुटतो. तुरटी लावल्यावर राहिलेला एखादा खुंट काढण्यासाठी त्याच ओल्या हाताने पुन्हा ब्रश घेतला, किंवा तुरटीचा खडा साबणाच्या वाटीशेजारी निथळत राहिला, तरी एवढे पुरते. टँकरच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळले असेल आणि त्याच पाण्याने दाढी भिजवली असेल, तरीही हेच होईल.

मांजराकाठ (लातूर)

अगदी बरोबर. त्या दोन्ही दिवशी टँकर आला होता, घरच्यांनी पिंपात तुरटी फिरवली होती, आणि गाल मी पिंपातल्याच पाण्याने भिजवले होते. आजपासून गाल भिजवायलाही फुलपात्रातलेच पाणी घेईन, आणि तुरटीचा खडा खिडकीच्या दुसऱ्या टोकाला हलवला आहे.