राग आणि दोष काढणं : तुम्ही नेमकं काय करता?

ख्रिस्ती श्रद्धेच्या आधारानं राग आवरायच्या, लोकांना नावं ठेवणं थांबवायच्या ज्या पद्धती टिकल्या, त्या इथं लिहाव्यात. कोण कसं वागलं ते नको. करायचं कसं आणि बिघडतं कुठं, तेवढं सांगा.

वसईहून, धर्मशिक्षण वर्ग घेणारी
पापनिवेदनाला (फादरांपुढं आपली पापं कबूल करायला) जाण्याआधीची तयारी फार मोलाची. 'फादर, मला राग येतो' एवढ्यानं काही हाती लागत नाही. कुणावर, साधारण कितीदा आणि त्या भरात काय केलं (ओरडले, अबोला धरला, मुलाला मारलं) हे आधी स्वतःशी स्पष्ट करावं. घसरतं ते इथं : सासूची, जावेची पापं सांगण्यातच वेळ जातो. आपण आपलंच सांगायचं. कुणाची बदनामी केली असेल तर नुसती क्षमा मागून भागत नाही. ज्यांच्या कानावर घातलं त्यांच्याकडे जाऊन 'ते खोटं होतं' म्हणावं लागतं. गोष्ट खरी असेल तर तसं म्हणता येत नाही. मग त्याच लोकांत त्या माणसातलं जे चांगलं आहे ते मनापासून बोलावं.

अहिल्यानगरहून, मंडळीतले (चर्चमधले) वडील, म्हणजे एल्डर
कुणी आपला अपराध केला तर काय करावं, ते बायबलात मत्तय १८:१५-१७ मध्ये आहे; त्यातली पहिली पायरी गाळू नका. आधी एकट्यानं एकट्याशी बोलायचं, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन, त्यानंतरच मंडळीपुढं. आपल्याकडे गोष्ट आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर, मग पाळकसाहेबांकडे जाते आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यात शेवटी कळते. भगिनी मंडळातलं 'तिच्यासाठी प्रार्थना करा हं, घरात फार वाईट चाललंय' हेही दोष काढणंच आहे. विचारल्याशिवाय नाव आणि तपशील द्यायचा नाही, असा नियम करा. देवाला नाव ठाऊक आहे.

पुण्याहून, साधनावर्गात मार्गदर्शन करणारा
येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची एक साधी रीत आहे. एकच दोष निवडा, उदाहरणार्थ मनातल्या मनात दुसऱ्याला तुच्छ लेखणं. तसं झालं की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा; चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. दुपारी जेवणानंतर एकदा आणि रात्रीच्या जेवणानंतर एकदा आठवून, जितक्या वेळा घडलं तितके ठिपके वहीत काढायचे. दिवसाला दोन ओळी, दुपारची आणि रात्रीची. मग कालची आजशी, या आठवड्याची गेल्या आठवड्याशी तुलना. सुरुवातीला ठिपके वाढल्यासारखे वाटतात, कारण आता ते दिसू लागलेले असतात. बहुतेक जण तिथंच वही सोडतात. एका वेळी तीन-चार दोष घेतले तरी रीत मोडते.

नाशिकहून
राग गिळू नका. बायबलातलं स्तोत्र १०९ मोठ्यानं वाचा. त्यात शत्रूला अक्षरशः शाप आहेत, पण ते देवापुढं ओतलेले आहेत, माणसाच्या तोंडावर फेकलेले नाहीत.

सोलापूरहून, समुपदेशक
येशूनं सांगितलेल्या, क्षमा न करणाऱ्या चाकराच्या दाखल्यातला हिशेब एकदा मांडून बघा. राजानं चाकराचं सगळं कर्ज माफ केलं, पण त्यानं स्वतःच्या सोबत्याला कर्जासाठी तुरुंगात टाकलं. एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस; एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार. चाकराचं कर्ज १०,००० तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. सोबत्याकडे येणं होतं १०० दीनार. ही रक्कमही लहान नाही, तीन महिन्यांहून जास्त कमाई आहे! म्हणून दुखावलेल्या माणसाला 'एवढं काय मनावर घेतेस' म्हणणं दाखल्याला धरून नाही. आधी १०० दीनार मान्य करा, मग सहा कोटींची आठवण द्या. आणि घरात मारहाण होत असेल तर क्षमेचा उपदेश बाजूला ठेवा, बाईला सुरक्षित जागी हलवा, ११२ ला फोन करा. क्षमा केली म्हणून तक्रार मागे घ्यावी लागत नाही.

कोल्हापूरहून
इफिस ४:२६ ('सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका') धरून नवरा-बायको मध्यरात्रीपर्यंत वाद मिटवत बसतात आणि दमल्यावर जास्तच बोलून जातात. झोपण्यापूर्वी 'उद्या सकाळी सातला बोलू' एवढं ठरवावं, प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणावी. 'आम्ही आपल्या ऋण्यांस…' या दुसऱ्यांना क्षमा करण्याच्या ओळीशी घाई करू नये. सकाळी सात वाजता मात्र बसायचंच.